खांद्यावरची ओळख (भाग ६) : चार पट्ट्या, तीन तारे आणि एक अष्टकोन

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो नौदलाच्या गोदीसमोरून पुढे सरकते आणि तासाभरात मांडव्याला लागते. या वाटेवर पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या दिसल्या की प्रवासी 'कॅप्टनसाहेब' म्हणून मोकळे होतात. व्यापारी जहाजांच्या रिवाजात ते बरोबरच आहे. पट्ट्या चारच, पण मध्ये जांभळा रंग असेल तर मात्र ते चीफ इंजिनिअर. टायटॅनिकवर प्राण दिलेल्या इंजिनिअरांच्या स्मरणार्थ हा जांभळा रंग आला, असं खलाशी मोठ्या अभिमानाने सांगतात. खरं म्हणजे ब्रिटिश नौदलात तो टायटॅनिक बांधण्याच्या कितीतरी आधीपासून होता.

युद्धनौकेवरच्या कॅप्टनलाही चारच पट्ट्या. भूदलातल्या कॅप्टनच्या खांद्यावर मात्र तीन तारे, आणि नौदलाच्या हिशेबात त्याची बरोबरी दोन पट्ट्यांच्या लेफ्टनंटशी. नौदलाचा कॅप्टन भूदलात थेट कर्नलच्या तोडीचा. याचं कारण कामात आहे. समुद्रावर कॅप्टन म्हणजे अख्ख्या जहाजाचा धनी, तर जमिनीवर कॅप्टन म्हणजे मुळात एका कंपनीचा म्होरक्या. नावं जुळली म्हणून हुद्दे जुळत नाहीत. लग्नपत्रिकेत नुसतं 'कॅप्टन' छापलेलं पाहून पाहुण्यांचा मान ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

ताऱ्यांचा गोंधळ याहून मोठा. अमेरिकेत खांद्यावर एक तारा म्हणजे ब्रिगेडिअर जनरल. आपल्याकडे लेफ्टनंटला दोन तारे आणि कॅप्टनला तीन. मेजर झाला की तारे जातात आणि त्यांच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. त्या सिंहांखाली पुन्हा एक, दोन, तीन तारे चढत ब्रिगेडिअरपर्यंत मजल जाते. त्यापुढे तलवार आणि दंड यांची फुली. प्रजासत्ताक होण्याआधी सिंहांच्या जागी ब्रिटिश मुकुट होता. पाकिस्तानने तिथे चंद्रकोर आणि तारा बसवला. सांगाडा एकच, वरची मूठ तेवढी प्रत्येकाने आपली लावली.

नौदलाच्या पट्ट्यांकडे जवळून पाहिलं तर सर्वांत वरच्या पट्टीला एक गोल वेटोळं दिसतं. त्याला 'नेल्सन रिंग' म्हणतात. नेल्सनने 1797 मध्ये उजवा हात गमावला. त्या रिकाम्या बाहीला अडकवायची कडी म्हणून हे वेटोळं आलं, अशी कथा आहे. कथा झकास आहे, पण नेल्सन पडला 1805 मध्ये आणि ब्रिटिश नौदलाच्या बाहीवर वेटोळं आलं 1856 च्या सुमारास. मधल्या पन्नास वर्षांचा हिशेब कथा सांगणारा देत नाही.

आपल्या अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची ही रिंग आता उतरली आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी सिंधुदुर्गावर नौदल दिन साजरा झाला, तिथे पंतप्रधानांनी बदलाची घोषणा केली आणि महिनाअखेरीस नवी रचना जाहीर झाली. रिंगच्या जागी नौदलाचं सोनेरी बटण आलं. त्याखाली शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, मग भारतीय तलवार आणि दुर्बीण. हाच अष्टकोन 2 सप्टेंबर 2022 पासून नौदलाच्या ध्वजावरही आहे. हुद्दा मात्र आजही ताऱ्यांवरूनच वाचायचा. रिअर अ‍ॅडमिरलला दोन, व्हाइस अ‍ॅडमिरलला तीन आणि अ‍ॅडमिरलला चार. मला हे योग्य वाटतं. सजावट बदलावी, पण हाताखालच्या माणसाला घाईत वाचता येणारी खूण बदलू नये.

मांडव्याच्या दक्षिणेला, थळसमोर खांदेरी आहे. 1679 मध्ये शिवछत्रपतींच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान इथे इंग्रजांशी झुंजले, पण त्यांच्या खांद्यावर हुद्द्याची खूण लावलेली नव्हती. मराठी फौजेत हुद्दा माणसं मोजून ठरे. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. मान दिसायचा तो पालखी, अबदागीर, नौबत आणि जरीपटक्यातून. आंगऱ्यांचं 'सरखेल' हे पदही बिल्ल्यावाचूनच साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

आजच्या भूदलात नाईक, हवालदार, सुभेदार ही नावं तशीच राहिली आणि नाईक-हवालदारांच्या बाहीवर मात्र विलायती फिती आल्या. लान्स नाईकला एक, नाईकला दोन, हवालदाराला तीन. या फितींचं टोक खाली असतं, अमेरिकी सैन्यात ते वर. छायाचित्रातला सैनिक कुठला हे ओळखायला एवढंही पुष्कळदा पुरतं.

फितींची आणि ताऱ्यांची नक्कल बाजारात सर्रास मिळते, म्हणून एक सांगून ठेवतो. सैनिक नसताना सैनिक भासावं या हेतूने असा पोशाख किंवा खूण अंगावर घालणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या आठवड्यात छातीवरच्या रंगीत फितींकडे वळू.