संगणकाचे पुनरुज्जीवन, सुरक्षा-दुरुस्तीनंतरचे

संगणकाच्या परिचालन प्रणालीत आढळलेले सुरक्षाविषयक दोष दूर करण्यासाठी तिचे निर्माते वेळोवेळी बदललेल्या फाइलींचा जो संच प्रसृत करतात, त्याला सुरक्षा-दुरुस्ती किंवा प्रचारातील भाषेत सुरक्षा-अपडेट म्हणतात. ही दुरुस्ती बसविली जात असताना मध्येच खंड पडला, किंवा ती पूर्ण बसल्यावर संगणकातील इतर घटकांशी तिचा मेळ जमला नाही, तर संगणक सुरू होईनासा होतो. अशा संगणकातील माहिती शाबूत राखून तो पुन्हा चालता करणे आणि मागे घ्यावी लागलेली दुरुस्ती त्यावर नंतर नीट बसविणे, या संपूर्ण क्रियेचा विचार येथे केला आहे. यांतील दुसरा भाग व्यवहारात बहुधा विसरला जातो.

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ऑक्टोबर २००३ पासून विंडोज प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करते. हा वार व वेळ अमेरिकेतील असल्याने भारतात तेव्हा रात्र असते व येथील कार्यालयांना तिचा बरावाईट परिणाम बुधवारी किंवा त्यानंतर दिसतो. चालू असलेल्या प्रणालीतील ज्या फाइली वापरात असतात त्या जागच्या जागी बदलता येत नाहीत. म्हणून नव्या फाइली प्रथम डिस्कवर एका स्वतंत्र भांडारात उतरविल्या जातात, राहिलेल्या कामांची यादी लिहून ठेवली जाते आणि संगणक बंद होताना व पुन्हा सुरू होताना त्या यादीनुसार अदलाबदल होते. यादीतील एखादे काम फसले, तर प्रणाली केलेले बदल स्वतःच उलटविते आणि पूर्वस्थितीवर येते. बहुसंख्य अपयशे अशा रीतीने मालकाच्या लक्षातही न येता निस्तरली जातात. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर या उलटापालटीस बराच वेळ लागतो व पडद्यावरील टक्केवारी एकाच आकड्यावर खिळल्यासारखी दिसते. अशा वेळी कंटाळून वीज बंद करणे हे बिघाडाचे एक हमखास कारण आहे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत थांबणे इष्ट असते.

दुरुस्ती फसण्याचे दोन प्रकार मुळातच वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात दुरुस्ती बसत नाही, परंतु संगणक चालू राहतो व केवळ दोषक्रमांक दाखवितो. उदा., जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या अनेक संगणकांवर एक दुरुस्ती वारंवार नाकारली गेली. तिला डिस्कवरील पुनःप्राप्ती-विभागात २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती आणि पुष्कळ संगणकांत तो विभागच लहान होता. अशा वेळी घाईने प्रणाली नव्याने बसविण्याचे काहीच कारण नसते. खरा प्रश्न दुसऱ्या प्रकारात, म्हणजे संगणक सुरूच न होण्यात उद्भवतो.

निदान : संगणक सुरू होणे ही एक साखळी आहे. मूळ पटलावरील कायम आज्ञावली प्रथम जागी होते. ती आरंभक कार्यक्रमाला बोलाविते. आरंभक हा प्रणालीचा गाभा (कर्नेल) व डिस्क वाचण्यास आवश्यक असे ड्रायव्हर स्मृतीत आणतो. त्यानंतर इतर सेवा सुरू होतात व शेवटी वापरणाऱ्याचे नाव विचारले जाते. ही साखळी कोणत्या कडीवर तुटली हे कळले की निम्मे काम झाले. निर्मात्याचे बोधचिन्हही दिसले नाही, तर दुरुस्तीला दोष देण्यापूर्वी यंत्रसामग्री तपासावी. बोधचिन्हानंतर निळा पडदा व त्यावर ‘०एक्स७बी’ हा थांबा-क्रमांक आल्यास गाभा सुरू झाला पण त्याला डिस्क वाचता आली नाही, असे समजावे. नाव विचारल्यानंतर पडदा काळा राहिला, तर गाभा निर्दोष असून पुढील सेवांपैकी किंवा पडद्याच्या ड्रायव्हरपैकी काहीतरी बिघडलेले असते. आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. दुरुस्ती बसविताना डिस्कवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक लिहिले-वाचले जाते आणि मरणपंथाला लागलेली डिस्क नेमकी त्याच रात्री निकामी होते. दोष मग दुरुस्तीच्या माथी मारला जातो.

उपाय : विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत डिस्कवरच एक छोटी स्वतंत्र पुनःप्राप्ती-प्रणाली असते. मुख्य प्रणाली सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसल्यास ती आपोआप पुढे येते. न आल्यास दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या यूएसबी साधनावरून ती सुरू करता येते. तीत प्रथम आरंभ-दुरुस्तीची स्वयंचलित तपासणी करून पाहावी व तिने काम न भागल्यास सर्वांत शेवटी बसलेली मासिक दुरुस्ती काढून टाकण्याचा पर्याय निवडावा. अदलाबदल अर्ध्यावर अडकली असल्यास ‘डिझम’ या आज्ञेने प्रलंबित कामे रद्द करून उलटविता येतात. येथे एक नेहमीची फसगत होते : पुनःप्राप्ती-प्रणालीत डिस्कच्या विभागांची अक्षरे बदललेली असू शकतात. एरवी ‘सी’ असणारा विभाग ‘डी’ झालेला असतो आणि आज्ञा भलत्याच विभागावर चालविली जाते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी विंडोजची फोल्डर कोठे आहे हे पाहून घ्यावे लागते. पूर्वीच्या एखाद्या तारखेस परत जाण्याची सोयही उपयुक्त आहे, मात्र पुष्कळ संगणकांत ती मुळात चालूच केलेली नसते.

यांपैकी कोणताही उपाय योजण्याआधी, शक्य असेल तर, यूएसबीवरून लिनक्स सुरू करून महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढावी. डिस्कची प्रकृती संशयास्पद असताना तिच्यावर तपासणी-आज्ञा चालविणे हे प्रत काढण्याच्या आधी कधीही करू नये, कारण ती आज्ञा डिस्कवर लिहिते आणि उरलेसुरले गमावण्याचा धोका असतो. प्रणाली ‘फाइली राखून’ पुन्हा बसविण्याचा जो पर्याय शेवटी दिलेला असतो, त्यात दस्तऐवज राहतात पण नंतर बसविलेले कार्यक्रम जातात. हिशेबाचा किंवा छपाईचा जुना कार्यक्रम वापरणाऱ्या लहान व्यावसायिकाला हे नुकसान बहुधा उशिरा उमगते.

फेब्रुवारी २०१० मधील प्रकरण : दुरुस्ती काढून टाकणे म्हणजे संगणक बरा करणे नव्हे, हे दाखविणारे सर्वांत बोधप्रद उदाहरण विंडोज एक्सपीच्या काळातील आहे. जुने १६-बिटी कार्यक्रम चालविण्यासाठी विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून असलेल्या एका भागात सतरा वर्षे लपून राहिलेला दोष गूगलमधील अभियंते टॅव्हिस ऑर्मंडी यांनी जानेवारी २०१० मध्ये जाहीर केला. त्यावरील दुरुस्ती ९ फेब्रुवारीस प्रसृत झाली आणि तत्काळ अनेक संगणक निळा पडदा दाखवून पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. सुरक्षित अवस्थेतही ते सुरू होत नव्हते. दोन दिवसांत मायक्रोसॉफ्टने या दुरुस्तीचे स्वयंचलित वितरण थांबविले.

शोधाअंती निघाले ते असे. बिघडलेल्या संगणकांत ॲल्युरिऑन नावाचे रूटकिट आधीपासून वस्तीला होते. रूटकिट म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी लपून राहणारी घातक आज्ञावली. हिने डिस्क चालविणाऱ्या ड्रायव्हरमध्ये (बहुतेक ठिकाणी ‘एटापी’ या फाइलीत) स्वतःला घुसविले होते आणि गाभ्यातील आज्ञा कोणत्या पत्त्यावर आहेत हे तिच्या कर्त्यांनी कायमचे लिहून ठेवले होते. सुरक्षा-दुरुस्तीने गाभ्याची फाइल बदलताच ते पत्ते सरकले. रूटकिट जुन्या पत्त्यावर गेले, तेथे भलतेच काही होते, आणि प्रणाली कोसळली. डिस्कचा ड्रायव्हर सुरक्षित अवस्थेतही लागतोच, त्यामुळे त्या अवस्थेचा उपयोग झाला नाही. एक्सपीच्या सीडीवरून पुनःप्राप्ती-कन्सोल सुरू करून दुरुस्ती काढण्याची जी रीत तेव्हा सांगितली गेली, तिने संगणक चालू होत असे. परंतु चालू होत असे तो रूटकिटसह, आणि ते आपल्यात आहे याची मालकाला दाद नसे. सीडीवरील शुद्ध ‘एटापी’ फाइल जागेवर ठेवणे हा रोगाच्या अधिक जवळ जाणारा उपाय होता. रूटकिटच्या कर्त्यांनी थोड्याच दिवसांत आपली आज्ञावली सुधारून कोसळणे थांबविले, कारण कोसळणारा संगणक त्यांच्याही उपयोगाचा नव्हता. मायक्रोसॉफ्टने २ मार्चला हीच दुरुस्ती पुन्हा प्रसृत केली, ती मात्र गाभ्यात संशयास्पद फेरफार आढळल्यास बसण्यास नकार देईल अशा स्वरूपात.

दोष प्रत्येक वेळी असा बाहेरचा असतो असे नाही. एप्रिल २०१३ मध्ये फाइल-प्रणालीच्या ड्रायव्हरवरील एक दुरुस्ती ब्राझीलमधील बँकांच्या ग्राहकांत प्रचलित असलेल्या सुरक्षा-आज्ञावलीशी जुळली नाही व तेथील संगणक सुरू होईनासे झाले. ती दोन दिवसांत मागे घेऊन त्याच महिन्यात सुधारून देण्यात आली. ऑगस्ट २०१४ मधील दुरुस्तीत तर दोष सर्वस्वी मायक्रोसॉफ्टचाच, अक्षरवळणे हाताळणाऱ्या भागात होता.

कुलूपबंद डिस्क : अलीकडे पुनरुज्जीवनातील मोठी अडचण तांत्रिक नसून किल्लीची असते. बिटलॉकर या सुविधेने डिस्कवरील सर्व मजकूर कूटबद्ध केलेला असतो व पुनःप्राप्ती-प्रणालीतून त्याला हात लावण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते. अनेक नव्या संगणकांत हे कूटीकरण मालकाने मागितलेले नसतानाही चालू झालेले असते आणि किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. जुलै २०२४ ची मासिक दुरुस्ती बसल्यावर काही संगणकांनी सुरू होतानाच ही किल्ली मागितली. संगणकांत बिघाड असा काहीच नव्हता. किल्ली नसेल तर मजकूर मिळविण्याचा आडमार्ग नाही. दुकानदाराने तसे आश्वासन दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

अन्य प्रणाली : लिनक्समध्ये नवा गाभा बसविताना जुना काढून टाकला जात नाही (फेडोरात सामान्यतः तीन गाभे राखले जातात), त्यामुळे आरंभक कार्यक्रमाच्या यादीतून मागील गाभा निवडला की बहुधा भागते. दुरुस्ती आरंभकाचीच असेल, तर मात्र हा आधार राहत नाही. जुलै २०२० च्या अखेरीस रेड हॅट कंपनीने आरंभक कार्यक्रमातील ‘बूटहोल’ या दोषावर दिलेल्या दुरुस्तीमुळे तिच्या व सेंटओएसच्या अनेक यंत्रणा अडकल्या व त्यांना प्रतिष्ठापन-डिस्कवरून सुरू करून जुना आरंभक परत बसवावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या दुरुस्तीने त्याच संगणकावर नांदणाऱ्या लिनक्सचे जुने आरंभक अमान्य ठरविले. त्यावरील उपाय असा होता : सुरक्षित आरंभाची सोय तात्पुरती बंद करणे, लिनक्समधून ते धोरण पुसणे व सोय पुन्हा चालू करणे. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून प्रणालीचे दोन जुळे विभाग ठेवण्याची पद्धत आली. दुरुस्ती निजलेल्या विभागावर बसते व तो सुरू न झाल्यास फोन पहिल्या विभागावर परततो. जागा अधिक लागते, पण विंडोजच्या भांडार-पद्धतीपेक्षा ही रचना उघडच सरस आहे.

पुनरुज्जीवनानंतर : संगणक चालू झाल्यावर तीच दुरुस्ती त्या रात्री पुन्हा बसू नये म्हणून अपडेट काही दिवस स्थगित करता येतात. ही स्थगिती कायमची करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची किंमत २०१७ मध्ये कळली. विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतील दोषावरील दुरुस्ती १४ मार्चला उपलब्ध झालेली असताना १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने ती न बसविलेल्या संगणकांचा जगभर फडशा पाडला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’ने अन्य मार्गांबरोबर याच दोषाचा उपयोग केला व त्यात मर्स्क कंपनीची संगणकयंत्रणा बंद पडल्याने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामही ठप्प झाले.

हजारो संगणक एकदम बंद पडल्यास प्रत्येकासमोर माणूस बसविणे भाग पडते. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची (परिचालन प्रणालीची नव्हे) एक सदोष फाइल वितरित झाली. ती १०.५७ ला मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सु. ८५ लाख संगणक कोसळले होते. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. उपाय सोपा होता : सुरक्षित अवस्थेत जाऊन ती एक फाइल पुसायची. परंतु तो दुरून करता येत नव्हता आणि काही संस्थांत बिटलॉकरच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तेही बंद होते. यानंतर मायक्रोसॉफ्टने पुनःप्राप्ती-प्रणालीलाच इंटरनेटवरून उपाय मिळविता येईल अशी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली व पुढे ती विंडोज ११ मध्ये आणली.

मात्र पुनःप्राप्ती-प्रणालीही दुरुस्तीच्याच मार्गाने बदलली जाते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा-दुरुस्तीनंतर विंडोज ११ च्या पुनःप्राप्ती-प्रणालीत यूएसबीचे कळफलक व माउस चालेनासे झाले. नेहमीच्या कामात ते उत्तम चालत असल्याने बिघाड होईपर्यंत हे कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. पर्याय पडद्यावर दिसत, पण निवडता येत नसत. त्यावरील तातडीची दुरुस्ती २० ऑक्टोबरला देण्यात आली. आधीच अडकलेल्या संगणकांना तिचा उपयोग नव्हता, कारण ती बसविण्यासाठी संगणक चालू असावा लागत होता. स्पर्शपटल किंवा जुन्या गोल खोबणीचा कळफलक ज्यांच्याकडे होता, त्यांचे काम भागले.