जन्माने नव्हे, निवडीने : व्यवसायाच्या वाटा आणि शैक्षणिक खेळ

व्यवसाय निवडण्याचा अधिकार आपल्या समाजाला फार उशिरा मिळाला. आपल्या आजोबा-पणजोबांना ‘मोठेपणी कोण होणार?’ असे कोणी विचारले नाही, कारण उत्तर जन्माबरोबरच ठरलेले होते. गावकीची कामे, वेठ आणि त्याबदल्यात पदरी पडणारे बलुते हेच त्यांचे विधिलिखित मानले गेले. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले; डिसेंबर 1939 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, हरेगाव येथे, वतनदारांच्या परिषदेत त्यांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 साली झाला. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या 1936 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर घेतलेला एक मुख्य आक्षेप हाच होता, की ती माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून नव्हे, तर आईबापांच्या सामाजिक स्थानावरून आधीच नेमून टाकते.

कायद्याने ही नेमणूक संपली. परंतु ती दृष्टीच्या मर्यादेच्या रूपाने अद्याप शिल्लक आहे. आठवी-नववीच्या वर्गात आम्ही मुलांना व्यवसायांची नावे लिहावयास सांगतो, तेव्हा शिक्षक, पोलीस, सैनिक, नर्स, ड्रायव्हर या पाच-सहा नावांपाशी बहुतेकांची यादी थांबते. जे पाहिले तेच मुले लिहितात. ज्याचे आईवडील साखर कारखान्यासाठी ऊस तोडतात, त्याला कारखान्याचे फाटक ठाऊक असते. आत रसाची शुद्धता तपासणारा रसायनतज्ज्ञ असतो आणि त्यासाठीचे साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळते, हे ठाऊक नसते. राहुरीचे कृषी विद्यापीठ, नगरची लष्करी वाहन संशोधन संस्था, काकडीचा विमानतळ हे सर्व आपल्याच जिल्ह्यात आहे. पण आपल्या मुलांच्या यादीत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी मार्गदर्शनपर व्याख्याने होतात. राज्याच्या शिक्षण विभागानेही 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. हे प्रयत्न स्वागतार्हच आहेत. तथापि चाचणी मुलाचा कल सांगते, वाट चालवून दाखवीत नाही. आणि व्याख्यान ऐकणाऱ्याला निर्णय घ्यावा लागत नाही. निर्णय घेण्याचा सराव खेळातून होतो.

अर्थात कोणताही खेळ यासाठी चालणार नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला, असे परंपरा सांगते. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. परंतु कोणत्या घरात जायचे हे कवड्यांचे दान ठरविते, खेळणारा नव्हे. दैवावर भिस्त ठेवावयास शिकविणारा खेळ आपल्या उपयोगाचा नाही. याउलट 1960 च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॅरेन बूकॉक यांनी ‘लाइफ करिअर’ नावाचा खेळ तयार केला. त्यात विद्यार्थ्यांचे गट एका काल्पनिक तरुणाचे आयुष्य वर्षावर्षाने आखतात. शाळा, अभ्यास, नोकरी, कुटुंब आणि विरंगुळा यांत त्याचा वेळ वाटून देतात आणि त्याचे परिणाम पुढच्या फेरीत पाहतात. त्यात योगायोगालाही जागा आहे. पण मुख्य भर निवडीवर आहे.

याच धर्तीवर आम्ही आपल्या परिस्थितीला साजेसा खेळ वर्गात खेळतो. साहित्य म्हणजे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि चिंचोके. पाच जणांच्या गटाला एका काल्पनिक विद्यार्थिनीची चिठ्ठी मिळते : वय 15, दहावीला 64 टक्के, गणित बरे, आईवडील सहा महिने ऊसतोडीस बाहेर, घरी आजी व धाकटा भाऊ. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर वर्षासाठी 20 चिंचोके; ते अभ्यास, घरकाम, कमाई, विश्रांती आणि कागदपत्रे यांत वाटायचे. मग माहितीच्या चिठ्ठ्या उघडून वाट निवडायची. येथे मुलांना शिड्या दिसू लागतात. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. आठवीत एनएमएमएस परीक्षेतून निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे.

त्यानंतर प्रसंगाच्या चिठ्ठ्या येतात. काही कोणावरही येतात : आजारपण, दुष्काळ. काही मात्र गटाच्या मागील निर्णयावर अवलंबून असतात. कागदपत्रांसाठी एकही चिंचोका न ठेवणाऱ्या गटाची जात पडताळणी रखडते आणि प्रवेश धोक्यात येतो. येथे वर्ग एकदम शांत होतो.

खेळ संपल्यावरची चर्चा हा त्याचा खरा गाभा होय. वाटेत आलेल्या सर्व सापांचे आम्ही तीन ढीग करावयास सांगतो : आपत्ती, अज्ञान आणि अन्याय. दुष्काळ ही आपत्ती. अर्जाची मुदत चुकली हे अज्ञान. ते माहितीने दूर होते. ‘मुलगी आहे, आता लग्न करून टाकू’ हा अन्याय; त्याच्याशी संघर्ष करावा लागतो. ज्या मुलाने हे तीन ढीग वेगळे करावयास शिकले, तो अपयशाला ‘नशीब’ म्हणत नाही. आमच्या मते या खेळाचे सर्वांत मोठे फलित हेच आहे.

दुसरे फलितही महत्त्वाचे. सुस्थितीतील घरातल्या मुलाने चुकीची शाखा निवडली, तर त्याचे एक वर्ष जाते. आपल्या मुलाच्या बाबतीत त्याच चुकीने अनेकदा शिक्षणच संपते. म्हणून चुका आधी पटावर व्हाव्यात. तेथे त्यांची किंमत चार चिंचोके असते. भगवान बुद्धांचा धम्म ‘एहिपस्सिक’ आहे, ‘या आणि स्वतः पाहा’ असे तो सांगतो. शिक्षणालाही हीच कसोटी लागू पडते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. खेळावरून कोणत्याही मुलावर ‘हा अमुकच होणार’ असा शिक्का मारू नये. तसे केल्यास आपणही जन्मपत्रिकाच मांडू लागू. आणि केवळ पगाराच्या आकड्यावर जिंकणे-हरणे ठरवू नये. आम्ही शेवटी विचारतो : या कामातून कोणाचे अहित तर होत नाही ना? सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, याचा विसर पडता कामा नये.

पालकांना आमची विनंती आहे, की सुटीत मुले घरी येतील तेव्हा त्यांच्यासोबत एक डाव जरूर खेळावा. अक्षरओळख नसली तरी चिंचोके वाटता येतात, आणि घरची अडचण आईवडिलांइतकी नेमकी कोण सांगणार? माजी विद्यार्थ्यांकडे मात्र आम्ही देणगीइतकेच अगत्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी मागत आहोत. आपण आज जे काम करता त्याचे नाव, त्यासाठी घेतलेले शिक्षण, लागलेली वर्षे, आलेला खर्च, वाटेत भेटलेला एक साप आणि एक शिडी एवढेच तिच्यावर लिहावे. आपली चिठ्ठी ज्या दिवशी संचात येईल, त्या दिवशी एखाद्या आठवीतल्या मुलाच्या यादीत एक नाव वाढेल.