पोराची शेळी शाळेत जाते

पोर शाळेतून येते. दप्तर टाकते. म्हणते, "आई, शनिवारी घरचं जनावर शाळेत न्यायचंय. अन् त्याच्याविषयी बोलायचंय."

आपण म्हणतो, "शाळेत कशाला जनावर? शाळा काय बाजार आहे?"

असे म्हणू नका. बाईंनी किंवा गुरुजींनी हे मुद्दाम सांगितलेले असते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली शाळांसाठी 'आनंददायी शनिवार' ठरवला. त्या दिवशी पुस्तकाबाहेरच्या गोष्टी करायच्या. शहरातल्या शाळांत एक रीत आहे. मुलाने घरून एखादी वस्तू आणायची आणि चार मुलांसमोर तिची माहिती सांगायची. तिकडे याला 'शो अँड टेल' म्हणतात. शहरातले मूल खेळण्यातली मोटार नेते. तुमच्या मुलाकडे तर जिती शेळी आहे!

कोणते जनावर न्यावे? नुकतीच व्यालेली गाय नेऊ नये. ती वासरापायी अंगावर येते. बोकडही नको. माजावर असला तर वास मारतो, शिंगे मारतो. माणसाळलेली, शांत शेळी बरी. तिचे करडू असेल तर दोघांना बरोबर न्या. एकटे करडू आईसाठी सारखे ओरडते. मग पोराचे बोलणे कोण ऐकणार? शेळी आजारी असेल, नाक गळत असेल, अंगावर गोचीड असतील, तर तिला घरीच ठेवा.

बरोबर मोठे माणूस हवेच. दावे मोठ्याच्या हातात असावे. तुमची मजुरी बुडू नये म्हणून गुरुजींना आधीच भेटा. म्हणावे, "आमचा नंबर सकाळी पहिला लावा." सकाळी ऊनही कमी असते. शेळी वर्गात नेऊ नका. लिंबाखाली बांधा आणि मुलांना तिथे गोल बसवा.

आता बोलण्याचे. इथे बहुतेक आईबाप एक गोष्ट करतात. कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या पोराकडून भाषण लिहून आणतात. 'शेळी हा एक उपयुक्त सस्तन प्राणी आहे.' पोर ते पाठ करते. सभेत उभे राहते. पहिले वाक्य म्हणते, दुसऱ्याला अडते, आणि रडायला लागते. मी बरीच वर्षे हेडमास्तर होतो. अशी पाठ केलेली भाषणे मी किती ऐकली याला गणती नाही. ऐकताना मलाच झोप यायची, मग मुलांचे काय!

भाषण लिहू नका. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एका कागदावर मोठ्या अक्षरात पाचच शब्द लिहा : नाव. वय. खाणे. रवंथ. करडे. पोराने अडले की कागदाकडे बघावे. बाकीचे ते आपल्या शब्दांत सांगेल. 'चीक' म्हणेल, 'पाट' म्हणेल, 'गाभण' म्हणेल. म्हणू द्या. हे शब्द अडाणी नाहीत, धंद्याचे आहेत. ज्याला कळले नाही तो विचारील.

तयारी गोठ्यातच करा. संध्याकाळी शेळी बसलेली असते तेव्हा पोराला जवळ घ्या. सांगू नका, विचारा.

विचारा, "हिचं वय किती?" पोर म्हणेल, माहीत नाही. मग शेळीचा खालचा ओठ हळूच खाली करून दाखवा. पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ. वर पुढे एकही दात नसतो, नुसती कडक हिरडी असते. करडाचे दात दुधाचे, बारीक. साधारण एक ते दीड वर्षाची झाली की मधले दोन दात पडून मोठे दोन येतात. ती 'दोन दाती'. दोन वर्षांच्या सुमारास 'चार दाती'. तीनच्या सुमारास 'सहा दाती'. चारच्या सुमारास आठही दात पक्के होतात. बाजारात व्यापारी तोंड उघडून बघतो, ते हेच. मला हे तिसरीतल्या एका मुलाने शिकवले. तो धनगराचा होता. वजाबाकीत कच्चा, पण शेळीच्या तोंडावरून वर्षे सांगे. दात मोठ्यानेच दाखवावेत. पोराला तोंडात बोट घालू देऊ नका. मागच्या दाढा धारदार असतात.

विचारा, "ही बसल्या बसल्या तोंड का हलवते?" शेळी पाला भराभर ओरबाडते आणि नीट न चावता गिळते. रानात वाघरांची भीती असायची, तेव्हापासूनची ही सवय. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सगळ्यांत मोठा. पाला आधी त्यात जातो, तिथे भिजतो, आंबतो. मग निवांत बसली की शेळी तोच घास परत तोंडात आणते आणि सावकाश चावते. हे रवंथ. पोराचा हात शेळीच्या डाव्या कुशीवर ठेवा, शेवटच्या बरगडीच्या मागे. थोडे थांबा. मिनिटाला एकदोन वेळा आतून लाट फिरल्यासारखी हाताला लागते. तो मोठा कप्पा हलतो. हे पोराला इतके आवडते, की शाळेत ते सगळ्यांना हात लावायला सांगते. पुस्तकातल्या चित्रात ही लाट कुठून येणार?

डोळाही दाखवा. आपल्या डोळ्यातली बाहुली गोल. शेळीची आडवी, फटीसारखी. चरताना मान खाली असली तरी तिला आजूबाजूचे पुष्कळ दिसते.

करडाचे तर पोरच तुम्हाला सांगेल. शेळी साधारण पाच महिने गाभण असते. बोटांवर मोजता येते. करडू जन्मले की आई चाटून काढते. तासाभरात ते धडपडत उभे राहते. त्याला पहिला चीक लवकर पाजावा लागतो. चिकात आजाराशी झगडण्याची ताकद असते. काही लोक जार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ते चूक आहे.

शेळीची जात माहीत असेल तर तीही सांगू द्या. आपल्या राज्यात उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी अशा जाती आहेत. उस्मानाबादी बहुतेक काळी असते आणि पुष्कळदा जुळी देते. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी अजून उस्मानाबादीच! जात ठाऊक नसेल तर 'गावरान' म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

कमीपणावरून आठवले. काही मुले शेळीचे नाव काढायला लाजतात. घरी दहा शेळ्या असतात, पण शाळेत म्हणतात, "आमच्याकडं काही नाही." ही लाज कुठून आली? आपणच दिली. पोराने अभ्यास केला नाही की आपण म्हणतो, "शिकला नाहीस तर शेळ्या राखशील." शाळेतही हे वाक्य ऐकू येते. पोर ते ऐकून काय शिकते? आपली आई शेळ्या राखते, म्हणजे आपली आई वाया गेली, असे शिकते. ज्या शेळीच्या पैशातून वही आली, गणवेश आला, तिचीच त्याला शरम वाटते. हे वाक्य घरातून काढून टाका. अभ्यास करायला सांगायचे तर सरळ सांगावे, शेळीला मध्ये आणू नये.

आणि एक अवघड गोष्ट आहे. वर्गातले एखादे पोर हटकून विचारते, "ही शेळी तुम्ही कापणार का? विकणार का?" तेव्हा आपले पोर गांगरते. म्हणून हे घरीच बोलून ठेवा. खोटे सांगू नका. "पाटी आपण ठेवतो, त्या पुढं दूध देतात, करडं देतात. बोकड मोठा झाला की विकतो. त्या पैशात दवाखाना होतो, बियाणं होतं." एवढे पोराला कळते. खेड्यातल्या पोराला ते ठाऊकच असते. फक्त कोणी त्याच्याशी मोकळे बोललेले नसते. पण जे बोकड येत्या बाजारी जायचे आहे, ते मात्र शाळेत नेऊ नका. चार मुलांनी त्याला नाव ठेवायचे, लाड करायचे, आणि सोमवारी ते दावणीला नाही! पोर आठवडाभर जेवत नाही.

शेळी न्यायला जमले नाही तर अडत नाही. तिच्या गळ्यातली घंटा न्यावी, दावे न्यावे, ती खाते त्या बाभळीचा, बोरीचा, शेवरीचा पाला न्यावा. चार वाळक्या लेंड्या कागदात बांधून न्याव्यात. मुले आधी नाक मुरडतील. मग पोराने सांगावे, हे आमच्या वांग्यांचं खत आहे.

शाळेत शेळीला जपायला हवे. मुले हौसेने डब्यातली भाकरी, भात, बिस्किटे पुढे करतात. देऊ देऊ नका. शिजलेले अन्न आणि धान्य एकदम फार खाल्ले तर शेळीच्या पोटात आंबट होते, पोट फुगते, आणि ती दगावतेसुद्धा. लग्नातले उरलेले अन्न खाऊन जनावरे जातात ती अशीच. पाल्याची पेंढी घरून न्या आणि मुलांना ती द्यायला सांगा. मुलांना शेळीच्या बाजूला, खांद्यापाशी उभे करा, मागे नको. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

घरी आलात की शेळीला सावलीत बांधा, पाणी दाखवा. संध्याकाळी ती रवंथ करत बसली का ते बघा. डावी कूस ढोलासारखी ताठ लागली, किंवा ती दात खात उभी राहिली, तर सकाळची वाट पाहू नका. गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. आणि शाळेत तिला कोणी काय चारले, ते पोराला विचारून त्यांना सांगा.