मास्कचा दीर्घ वापर आणि नेत्रशुष्कता : निदानपरिवर्जनाचा विचार

२०२० साली कोविड-१९ ची साथ पसरली आणि रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचारी यांना दिवसाचे कित्येक तास मास्क लावून काम करावे लागले. त्याच वर्षी मास्कजन्य नेत्रशुष्कतेकडे नेत्रतज्ज्ञांचे लक्ष गेले. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यापासून, सर्वसामान्यांवरील मास्कचे बंधन उठले. परंतु शस्त्रक्रियागृह आणि क्षयरोग विभाग येथे त्याची गरज कायम आहे. म्हणूनच या विषयाचा ऊहापोह आम्हास आजही आवश्यक वाटतो.

संप्राप्ती
अश्रुपटलाचा सर्वांत बाहेरचा थर स्निग्ध असतो. वर्त्मातील मायबोमियन ग्रंथींतून तो स्रवतो व आतील जलीय अंशाचे बाष्पीभवन रोखतो. मास्कची वरची कडा नाकाच्या उंचवट्यावर नीट बसली नाही, तर उच्छ्वासाचा उष्ण झोत वर डोळ्यांकडे जातो आणि अश्रूंचे बाष्पीभवन वाढते. चष्म्याच्या काचांवर वाफ जमणे ही याची सहज दिसणारी खूण होय. वातानुकूलित खोली, जागरण आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना कमी होणारी पापण्यांची उघडझाप ही सहायक कारणे. अशा रुग्णात शिर्मर चाचणीनुसार अश्रूंचे प्रमाण पुरेसे असूनही अश्रुपटल १० सेकंदांच्या आत तुटलेले आढळू शकते.

शास्त्रविचार
खुपणे, जळजळ, पापण्यांना जडपणा, दृष्टी क्षणभर धूसर होऊन उघडझापीने पुन्हा स्वच्छ होणे, ही लक्षणे येथे आढळतात. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिलेल्या सर्वगत नेत्ररोगांपैकी शुष्काक्षिपाकाशी त्यांचे साधर्म्य आहे. वर्त्माची रूक्षता, आविल दर्शन व डोळे उघडताना होणारा त्रास ही त्या व्याधीची लक्षणे होत. प्रत्येक मास्कजन्य तक्रारीस शुष्काक्षिपाक म्हणणे मात्र घाईचे ठरेल. नेत्ररोगांच्या सामान्य हेतूंत सुश्रुतांनी स्वप्नविपर्यय व सूक्ष्मनिरीक्षण सांगितले आहेत. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या दिनक्रमात हे दोन्ही हेतू नित्याचे असतात.

निदानपरिवर्जन
चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन हे आपण सारे जाणतो. मात्र येथे ‘मास्क काढून टाका’ असा सल्ला देणे म्हणजे निदानपरिवर्जन नव्हे. हेतू मास्क नसून वरच्या कडेतून होणारी हवेची गळती हा आहे. शिवाय ज्या फटीतून उच्छ्वास बाहेर पडतो, तिच्यातूनच न गाळलेली हवा आतही येते. म्हणजे ही फट डोळ्यांस त्रास देते आणि संसर्गापासूनचे संरक्षणही दुबळे करते. त्यातच खाज येऊन हात वारंवार डोळ्यांकडे जातो, हा आणखी एक धोका. यास्तव पुढील गोष्टी प्रथम कराव्यात :

१. नाकावरील धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घट्ट बसवावी.
२. एन-९५ मास्क लावल्यावर त्यावर दोन्ही तळवे ठेवून उच्छ्वास सोडावा. नाकाजवळ हवा जाणवल्यास पट्टी पुन्हा बसवावी.
३. साध्या शस्त्रक्रिया-मास्कची वरची कडा चिकटपट्टीने बसवताना खालची पापणी ओढली जाऊ देऊ नये. अन्यथा डोळा पूर्ण मिटत नाही व शुष्कता वाढते.
४. कामात मधूनमधून डोळे पूर्ण मिटून उघडावेत. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये.

चिकित्सा
एवढ्याने उपशय न मिळाल्यास स्निग्ध उपक्रमांचा विचार करावा. शुष्काक्षिपाकात घृतपान, जीवनीय घृताचे तर्पण व अणुतैलाचे नस्य शास्त्रोक्त आहे. तर्पण निरामावस्थेतच, तज्ज्ञ वैद्याने, निर्जंतुकतेचे सर्व नियम पाळून करावे. लाली, चिकट स्राव वा वेदना असताना ते करू नये. घरचे तूप, मध किंवा गुलाबपाणी डोळ्यांत घालण्याचा सल्ला आम्ही कदापि देणार नाही.

औषधविक्रेत्यांसाठी
‘डोळे चुरचुरतात’ एवढ्या तक्रारीवर स्टिरॉइडयुक्त थेंब देऊ नयेत. त्यांनी तात्पुरते बरे वाटते. परंतु दीर्घ वापराने नेत्रांतर्गत दाब वाढण्याचा व मोतीबिंदूचा धोका असतो. प्रतिजैविक थेंबही शुष्कतेवरचा उपाय नव्हेत. कृत्रिम अश्रू वारंवार लागत असल्यास परिरक्षकविरहित थेंब श्रेयस्कर. मास्क किती तास असतो आणि चष्म्यावर वाफ जमते काय, हे दोन प्रश्न प्रत्येक ग्राहकास अवश्य विचारावेत.

तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे, न ओसरणारा धूसरपणा, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा नुकतीच झालेली नेत्रशस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

रुग्णसेवा करणाऱ्याचा डोळा निरोगी राहावा आणि त्याचा मास्कही सुटू नये, ही दुहेरी जबाबदारी आपणांवर आहे. औषधाच्या बाटलीपूर्वी नाकावरील पट्टी तपासण्याची सवय आपण लावून घेतली, तर ती बरीचशी पार पडेल, असा आम्हास विश्वास वाटतो.