गटारीच्या सकाळी ओंडक्यापाशी

अलिबागच्या बाजारात सकाळचे आठ वाजलेत. पाऊस नुकताच उघडलाय, पत्र्यावरून पागोळ्या गळताहेत. १ जूनला लागलेली मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत उठणार नाही, त्यामुळे पापलेट, सुरमई कुठेच नाही. कोळणींपुढे सुकट आणि खाडीतल्या चिंबोऱ्या. आज गटारी, श्रावण उद्यावर आलाय. साहजिकच रांगा लागल्यात त्या चिकन-मटणाच्या गाळ्यांपुढे.

मी एका गाळ्याशी उभा आहे. समोर चिंचेचा ओंडका. वर्षानुवर्षांच्या घावांनी मध्ये खोलगट झालेला. घावांच्या चिरांत चरबी आणि हाडांचा चुरा बसलाय. दुकानदार कोंबडीचं पोट फाडतो, आतडी काढून डब्यात टाकतो आणि त्याच हातानं, त्याच सुरीनं तुकडे करू लागतो. गिऱ्हाईक बदललं की तो ओंडक्यावरून फडका फिरवतो. फडका सकाळपासून तोच, पिळून पिळून गुलाबी झालेला.

माझी नजर त्या फडक्यावरून हलत नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कोंबडीच्या आतड्यांत असतात, तिला आजारी न पाडता. आतडं फाटलं की ते सुरीवर येतात, सुरीवरून ओंडक्यावर, आणि फडका त्यांना पुढच्या कोंबडीपर्यंत पोचवतो. ऊब, ओल आणि खायला मुबलक अन्न मिळालं, तर ई. कोलायसारखा जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. आठ वाजता एक असेल, तर त्या वेगानं बारा वाजता चार हजारांवर. पावसाळी हवेत लाकूडही सुकत नाही.

म्हणून ओंडकाच फेकून द्यावा का? शेजारच्या गाळ्यावर प्लॅस्टिकचा पांढरा पाट आहे आणि तोही सुरीच्या घावांनी खरबरीत झालाय. अशा चिरांतली घाण काढणं लाकडाइतकंच अवघड. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही लाकडाला बंदी नाही. ओंडका टणक, भरीव हवा आणि त्यानं मांस दूषित होता कामा नये, एवढी अट आहे.

चार पावलांवर मटणवाले चाचा काम करताहेत. बकऱ्याची मांडी संपली. ते पत्र्याच्या पट्टीनं ओंडका खरवडतात, साबण लावून ब्रशनं घासतात, मग किटलीतलं उकळतं पाणी ओततात. वाफ उठते. कोरडा झाल्यावरच पुढचा तुकडा. रांगेतला एकजण कुरकुरतो. चाचा मान वर न करता म्हणतात, "दोन मिनिटं थांबा, दादा. घरी पोरं खाणार आहेत ना?"

त्यांचा क्रमही बरोबर आहे. चरबी आणि रक्त तसंच ठेवून वर क्लोरीन ओतलं, तर ते त्या घाणीवरच खर्ची पडतं. आधी खरवडायचं, मग साबण, मग उकळतं पाणी, शेवटी वाळवणं.

पलीकडे कोळीण मावशी चिंबोऱ्या फोडून पाट धुतेय. तिच्या बादलीत नळाचं गोडं पाणी आहे. तिथेही फरक पडतो. १९५० साली जपानमध्ये ओसाकाच्या विषबाधेतून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू उजेडात आला; तो खाऱ्या पाण्यातला, मीठ मानवणारा. खाडीच्या पाण्यानं पाट धुतला तर तो पाटावर पुन्हा येऊ शकतो, गोड्या पाण्यात त्याचा टिकाव लागत नाही.

चिकन रश्शात नीट उकळलं की यातले जिवाणू मरतात. धोका राहतो तो घरच्या ओट्यावर, कच्च्या चिकनच्याच पाटावर चिरलेल्या कांदा-काकडीत.

माझ्या पुढच्या ताईंचा नंबर येतो. त्या कोंबडी दाखवतात आणि म्हणतात, "भाऊ, आधी ओंडका घासून घ्या, मग कापा." दुकानदार क्षणभर बघतो, फडका बाजूला टाकतो आणि पाणी शोधू लागतो. गाळ्यात नळ नाही. बादली भरायला त्याला बाजाराच्या टोकापर्यंत जावं लागतं. ताईंसारखं प्रत्येक गिऱ्हाइकानं मागायला हवं, आणि बाजार चालवणाऱ्यांनी प्रत्येक गाळ्याला वाहतं पाणी द्यायला हवं. स्वच्छतेची अट घालायची, तर तिच्यासाठी लागणारा नळ आधी द्यायला हवा.