अरिष्टनेमी, निर्वृति आणि शीतल : मुलांच्या दुर्मिळ नावांचा मागोवा

डोंबिवलीतील एका आप्तांच्या घरी बारसे होते. राशीचे अक्षर 'अ' आले होते. फईने पाळण्याशी वाकून नाव उच्चारले, 'अरिष्टनेमी', आणि शेजारच्या वृद्ध मराठी आजींचा चेहरा उतरला. "अहो, पोराच्या नावात अरिष्ट कसले घालता?" मंडळी गप्प झाली. बाळाच्या बांनाही ते पटल्यासारखे दिसले.

आजींची शंका अनाठायी नव्हती. मराठीत अरिष्ट म्हणजे संकट. फार तर दशमूलारिष्टाची बाटली आठवते. परंतु संस्कृतात 'रिष्' म्हणजे इजा होणे. जे इजा न होता टिकले ते अरिष्ट. दोन्ही अर्थ त्या भाषेत नांदतात, मराठीने त्यातला एकच उचलला. नेमी म्हणजे चाकाची धाव. ज्याच्या रथाची धाव कधी झिजत वा मोडत नाही, तो अरिष्टनेमी. ऋग्वेदात हा शब्द तार्क्ष्याचे विशेषण म्हणून येतो, इतका तो जुना आहे. आपल्या बाविसाव्या तीर्थंकरांच्या बाबतीत परंपरा आणखी एक कारण सांगते : शिवादेवी मातेने स्वप्नात अरिष्टरत्नाचे, म्हणजे काळ्या रत्नाचे चक्र पाहिले होते.

तीर्थंकरांची नावे अशी घटनांतून आली आहेत, हे आपण स्तवनात ती रोज उच्चारूनही विसरतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात या कथा सांगितल्या आहेत. गर्भकाळात राणी विजयादेवी फाशांच्या खेळात राजाकडून एकदाही हरली नाही, म्हणून पुत्र अजित. वामादेवीने अंधाऱ्या रात्री आपल्या कुशीजवळून सरकणारा काळा सर्प पाहिला. पार्श्व म्हणजे कूस, बाजू.

व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी कथा सुमतिनाथांची आहे. एका धनिक व्यापाऱ्याला दोन पत्नी होत्या, मुलगा एकीलाच. व्यापारी वारला आणि दोघीही मुलावर हक्क सांगू लागल्या. मुलाबरोबर पेढीही जाणार होती. राजसभेला निवाडा करता येईना. तेव्हा गर्भवती राणी मंगलादेवी म्हणाली, माझा पुत्र जन्मून मोठा झाला की तोच न्याय देईल, तोवर थांबा. सवतीने ते मुकाट्याने मान्य केले. खऱ्या आईला मात्र तेवढा विरह सोसवेना. मुलगा तिच्या स्वाधीन झाला. मातेला सुचलेली ती सुमती पुत्राच्या नावात आली.

आज 'सुमती' ऐकले की आपल्यासमोर नऊवारीतील आजी उभी राहते. 'शीतल'चेही तसेच झाले. राणी नंदादेवीच्या हस्तस्पर्शाने राजा दृढरथाच्या अंगाचा दाह शमला, म्हणून दहावे तीर्थंकर शीतलनाथ. ठाण्याच्या शाळेत शीतल नावाचा मुलगा आला तर वर्ग हसेल. पण कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर कुटुंबांत शीतल हे पुरुषाचेच नाव म्हणून परिचित आहे. त्या भागाचा नावांचा खजिनाच वेगळा. कन्नडच्या शेजाराने तेथे 'गौडा' वा 'गोंडा' हे गावप्रमुखाचे पद नावात मिसळले. आचार्य शांतिसागर महाराजांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगौडा होते, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडिलांचे पायगोंडा. आणि १९०६ साली सदलग्यात जन्मलेले प्राकृतचे थोर पंडित आ. ने. उपाध्ये? आदिनाथ नेमिनाथ. पितापुत्रांच्या नावांत दोन तीर्थंकर!

आपल्या परिसरासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला कोकण शत्रुंजय म्हणतात, आणि समुद्रात ढकलला गेलेला श्रीपाल ठाण्याच्याच किनाऱ्याला लागला असे परंपरा सांगते. तरीही आमच्या ओळखीत श्रीपाल नावाचे एकही बाळ नाही.

त्याहून विस्मृत आहेत सोपाऱ्याची चार नावे. २०१४ पर्यंत सोपारा ठाणे जिल्ह्यातच होते. बारा वर्षांच्या दुष्काळात तेथील जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लाख मोलाचे अन्न शिजत होते. त्यात विष कालवून सर्वांनी देह ठेवायचा, असे ठरले होते. वज्रसेन मुनी गोचरीस आले आणि म्हणाले, थांबा, धान्य येत आहे. दुसऱ्याच दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. त्या घराने दीक्षा घेतली. चार मुलगे होते : नागेंद्र, चंद्र, निर्वृति आणि विद्याधर. त्यांच्या नावांनी साधूंची चार कुले निघाली. तपागच्छ आणि खरतरगच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतात. निर्वृति हे मराठी कानाला निवृत्तीसारखे वाटेल, परंतु त्याचा अर्थ परम समाधान. मुलासाठी यापेक्षा आगळे नाव मला तरी ठाऊक नाही. 'रियांश', 'कियांश' कानाला गोड खरे, पण तेथे नाव आधी जुळवतात आणि अर्थ मागून शोधतात. त्या प्रवाहात 'श्रेयांस'चाही 'श्रेयांश' होऊन बसला आहे. त्या नावात अंश नाही, 'श्रेयस्' म्हणजे कल्याण आहे.

नाव दुर्मिळ असेल तर लेखन आधी पक्के करावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखलाच आधार ठरतो. पार्श्वचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे झाले, तर पुढे पॅन आणि बँकेत मुलालाच खेटे घालावे लागतात. घाई मात्र नको : नावाविना नोंदलेल्या जन्मात बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते.

डोंबिवलीच्या त्या घरानेही दोन महिने घेतले. शेवटी दाखल्यावर 'नेमी' लागले. फई मात्र अजून पूर्ण नावानेच हाक मारते, आणि शेजारच्या आजी आता त्या चाकाच्या धावेची गोष्ट इतरांना सांगतात.