पद्मिनीची सीट का तडकते?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी आजही एखाद्या दारात उभी दिसते. इंजिनाचं काम मिस्त्रीकडेच द्यावं. आतली सजावट मात्र घरी करता येते, थोडं रसायनशास्त्र कळलं की झालं.

सीटचं रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक; त्यात तेलासारखा द्रव मिसळून ते लवचिक केलेलं असतं. उन्हात तापून हा द्रव वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. काचेवर आतून धरणाऱ्या चिकट धूसर थरात त्याचाही वाटा असतो. द्रव गेला की रेक्झिन आक्रसतं आणि बरेचदा आधी शिवणीपाशी फाटतं, कारण सुईच्या भोकांनी ते तिथे कमजोर झालेलं असतं. थिनरने सीट पुसणं म्हणजे उरलासुरला द्रवही ओढून काढणं! साबणाचं कोमट पाणी पुरे.

नवं रेक्झिन चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवा. मऊ पडलं की सुरकुती न पडता ताणलं जातं. जुनं कव्हर फेकू नका, उसवून त्याच्याच तुकड्यांवरून नवं बेता.

सीट काढलीच आहे तर रबरी मॅटही उचला. पावसाचं पाणी तिच्याखाली साचून राहतं आणि पत्रा सडतो. गंज घासून, प्रायमर मारून, पूर्ण सुकल्यावरच मॅट परत टाका.